प्रकल्प नोंदी: पाच कार्यालयं आणि एक खरी प्रत

३ जून २०२४, सोमवार

आजपासून ही वही. काम असं: पूल, बंधारे बांधणाऱ्या आमच्या कंपनीच्या पुणे, कोल्हापूर, नाशिक, नांदेड आणि पणजी या पाचही कार्यालयांना एकाच ठिकाणी कागद सापडेल अशी व्यवस्था निवडायची आणि दिवाळीच्या आत निदान एका कार्यालयात चालू करून दाखवायची. मी डिझाइन विभागातली, संगणक विभागाशी माझा संबंध प्रिंटर अडला की तेवढाच. तरी काम माझ्याकडे आलं, कारण मे महिन्यातला घोळ माझ्याच ड्रॉइंगवरून झाला.

एका बॉक्स कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या चौकोनी मोरीच्या) वरच्या स्लॅबचं सळ्यांचं ड्रॉइंग होतं. आर-१ या आवृत्तीत १६ मिमीच्या सळ्या १५० मिमी अंतरावर; विभागाच्या शेऱ्यानंतर काढलेल्या आर-२ मध्ये १२५ वर. आर-२ मी ई-मेलने पाठवलं, सर्व्हरवरही टाकलं. साइटवरच्या मुलाकडे मात्र व्हॉट्सॲपवर आलेलं आर-१ होतं. त्याने त्याचीच प्रिंट काढून सळ्या वाकवणाऱ्या बार बेंडरच्या हातात दिली. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी साइट इनचार्जनी सहज फोन केला, "मॅडम, अंतर दीडशेच न्हवं?" म्हणून वाचलो. जाळी सोडून पुन्हा बांधायला दीड दिवस गेला. सर चिडले नाहीत. "परत होऊ नये एवढं बघ," म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

६ जून, गुरुवार

कुठे काय आहे याची मोजदाद. पुण्याच्या सर्व्हरवर १.९ टीबी. नाशिककरांचं सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर, त्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेली. नांदेडचं निम्मं तिथल्या साहेबांच्या ई-मेलमध्ये. पणजीची मांडणी सगळ्यांत नीटनेटकी, फक्त ती एका मुलाच्या खाजगी खात्यावर आहे आणि तो मुलगा एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेला. भला आहे, मागितलं की पाठवतो.

सर्व्हरवर 'फायनल' हा शब्द शोधला. फायनल, फायनल-२, फायनल नवीन, फायनल साहेबांनी बघितलेलं, खरं फायनल. 'खरं फायनल' माझंच निघालं.

११ जून, मंगळवार

आवक-जावक बघणाऱ्या काकूंकडे तासभर बसायचं ठरवून गेले, दुपारचा डबाही तिथेच खाल्ला. कंपनीत त्या सगळ्यांत जुन्या. मी संगणकाची भाषा बोलत होते, त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, तुला नक्की हवंय काय? कुठलं पत्र कधी गेलं, कुणाला गेलं आणि त्याची पोच कुठे आहे, हेच ना?" आणि कपाटातून रजिस्टरं काढली.

लाल कापडी पुठ्ठ्याची रजिस्टरं, दरवर्षी एक आवकेचं, एक जावकेचं. अनुक्रमांक, दिनांक, कुणाकडून किंवा कुणाकडे, विषय, मागचा संदर्भ, फाइल क्रमांक, शेरा. मी परीक्षा घेतली: नाशिकच्या एका कामाचं मुदतवाढीचं पत्र, साल २०१६ असावं. काकूंनी चार मिनिटांत क्रमांक काढला आणि मागच्या खोलीतून शिक्क्याच्या पोचेसह कागद आणून दिला. तेच पत्र मी सर्व्हरवर वीस मिनिटं शोधलं. तीन प्रती सापडल्या, तिन्हींची शेवटची ओळ वेगळी. गेलं कुठलं ते संगणकाला ठाऊक नाही.

घरी येताना डोक्यात एवढंच, की निवड करायला आपण फार उशिरा निघालोय. एक व्यवस्था चालूच आहे. ती फक्त पुण्यातल्या एका कपाटापुरती आहे, आणि काकू मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत.

१९ जून, बुधवार. कोल्हापूर

कोल्हापूरच्या कार्यालयात अजून भिंतीवर रेघ आहे, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतल्या मोजमाप पुस्तिकांच्या झेरॉक्स आणि चालू देयकांच्या प्रती भिजल्या. पंख्याखाली वाळवलेले ते कागद पापडासारखे झालेत आणि अजूनही तसेच बांधून ठेवलेत. इथली माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगतात. ४३ फूट म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

साइटवरही गेले. तेच साइट इनचार्ज. मी विचारलं, पुण्याच्या सर्व्हरवरून ड्रॉइंग का उघडत नाही? त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या सर्व्हरशी जोडणारी सुरक्षित वाट, जोडायला तीन प्रयत्न, मग १८ एमबीची फाइल. "नेट हाय मॅडम, न्हाई असं न्हाई. पण तुमची फाइल उतरस्तोवर माझा स्लॅब भरून हुतोय." व्हॉट्सॲप का वापरतात, याचं एवढं सरळ उत्तर मला पुण्यात बसून मिळालं नसतं. फोन खिशात असतो, फोटो दोन सेकंदांत दिसतो, नेट गेलं तरी आलेला फोटो जात नाही. नवी व्यवस्था या तीन गोष्टींत व्हॉट्सॲपच्या जवळपास तरी हवी.

१ जुलै, सोमवार

आजपासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू. आमचे वकील योगायोगाने कार्यालयात होते, त्यांना धरलं. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब आता कलम ६३ झालंय. इलेक्ट्रॉनिक कागद पुराव्यात द्यायचा तर जोडायच्या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिलाय आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे मजकुरावरून निघणारा आणि मजकूर बदलला की बदलणारा आकडा, लिहायची आहे. लवादापुढे पुरावा कायदा जसाच्या तसा बांधील नसतो, पण वाद तिथेच संपेल याची हमी कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पाठवलेल्या प्रतीला नंतर कुणाचा हात लागता कामा नये, आणि लागला तर दिसला पाहिजे.

किती वर्षं ठेवायचं तेही विचारून घेतलं. हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्याप्रमाणे ८ आर्थिक वर्षं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. कामाचे कागद दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष आपण दुरुस्त करून द्यायची मुदत) संपून अनामत परत मिळेपर्यंत तरी, आणि वाद असेल तर तो मिटेपर्यंत. स्टॅम्प पेपरवरचे मूळ करार कपाटातच.

८ जुलै, सोमवार

फळ्यावर पाच नावं लिहिली. आहे तोच सर्व्हर आणि व्हीपीएन, गूगलचे शेअर्ड ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट, स्वतःच्या यंत्रावर फायली ठेवून सगळ्यांना वाटणारं नेक्स्टक्लाउड, आणि अल्फ्रेस्को हे कागद सांभाळायचं मोठं सॉफ्टवेअर.

अल्फ्रेस्को तासाभरात पुसलं. वाईट म्हणून नाही, ते चालवायला लागणारा माणूस आमच्याकडे नाही म्हणून. आमचा संगणक विभाग म्हणजे एक मुलगा, आणि त्याचं लग्न डिसेंबरात आहे. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल माणसाची नसून संस्थेची असते. पणजीचं दुखणं यानेच जाईल. नेक्स्टक्लाउडचं आकर्षण असं की सगळं आपल्या हातात. शेअरपॉइंट आमच्याकडे मेलच्या परवान्यासोबत आधीच आहे, तीन वर्षं पैसे भरतोय आणि कुणी दार उघडून बघितलेलं नाही.

एका विक्रेत्याचा मुलगाही येऊन गेला, सहावं नाव घेऊन. पंचेचाळीस मिनिटं कृत्रिम बुद्धिमत्ता. मी विचारलं, मराठी पत्र शोधून दाखवा. म्हणाला, "ते रोडमॅपवर आहे." आमच्याही बऱ्याच गोष्टी रोडवरच असतात.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारपासून जगभर विंडोजचे पडदे निळे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकलं आणि विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत आहेत. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, एकही यंत्र पडलं नाही. तरी नाशिकच्या साहेबांचा फोन आलाच: "बघा, म्हणून म्हणतो आपला सर्व्हर आपल्या घरात बरा." मुद्दा लिहून ठेवला.

२५ जुलै, गुरुवार

घरात असलेल्या सर्व्हरबद्दल. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी. आमचं कार्यालय त्या बाजूला नाही, पण सर्व्हर तळमजल्यावर आहे आणि सकाळी जिन्याखाली घोटाभर पाणी होतं. संगणक विभागातल्या मुलाने आणि शिपाई मामांनी तो उचलून टेबलावर ठेवला. तिकडे पंचगंगा धोक्याच्या पातळीकडे. आज एकाच दिवशी दोन कार्यालयांचे कागद पाण्याच्या वाटेत होते.

नाशिकचा मुद्दा खोडला नाही. त्याच्यासमोर फक्त आजची तारीख लिहिली.

५ ऑगस्ट, सोमवार

मराठी शोधाची परीक्षा. आमचा निम्म्याहून जास्त पत्रव्यवहार मराठीत, म्हणून हा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. चाळीस खऱ्या फायली घेतल्या, उरलेल्या तिन्ही नव्या मांडण्यांत चढवल्या आणि 'बंधारा' शोधलं.

पत्रात 'बंधारा' क्वचितच असतो. असतो तो बंधाऱ्याचा, बंधाऱ्यावरील, बंधाऱ्यालगत. त्यामुळे 'बंधारा' शोधून ती पत्रं येईनात. 'पूल' लिहिलं तर 'पुलाचे' नाही, 'रस्ता' लिहिलं तर 'रस्त्याचे' नाही. विभक्ती लागली की आपल्याकडे शब्दाचं अंगच बदलतं, आणि मी लावलेल्या मांडणीत सामान्यरूप कुणालाच येत नव्हतं. शाळेत मलाही ते नीट यायचं नाही, पण मला निदान ओळखता येतं.

मग 'बंधाऱ्या' एवढंच शोधलं. आता अर्धी आली, अर्धी नाहीत. दोन फायली शेजारी ठेवून डोळे फोडले, शब्द हुबेहूब तोच. शेवटी संगणक विभागातल्या मुलाने अक्षरांचे संकेतांक काढून दाखवले. काही कीबोर्ड त्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक. कागदावर एक, यंत्राला दोन. 'ॲ'चं तेच. ते एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संकेतांकांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने 'अ'वर चंद्र देऊन टंकलेले ॲप्रोच रोड वेगळेच राहतात.

आणि २०१२ च्या आधीचं बहुतेक सगळं श्रीलिपी नाही तर कृतिदेव या जुन्या फॉन्टांत. त्या फायली पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. फॉन्ट काढला की गिचमिड. शोधाला ती गिचमिडच दिसते. रूपांतर करणारी साधनं आहेत, मात्र प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालावी लागते. स्कॅन केलेल्या पत्रांवर टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाचं मराठी वाचन चालवून पाहिलं: स्वच्छ छापील पान छान येतं, पण कार्यालयाचा गोल शिक्का नेमका विषयाच्या ओळीवर मारलेला असतो.

त्यात नावांचा गोंधळ वेगळाच. एकाच कामाला कुणी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतं, कुणी को.प. बंधारा, कुणी केटी वेअर.

संध्याकाळी काकू जाता जाता डोकावल्या. त्यांना सगळं सांगितलं. "मग नंबरावरून शोध की," म्हणाल्या आणि रिक्षा पकडायला गेल्या.

१३ ऑगस्ट, मंगळवार

फायलींची नावं. सरकारी पत्राचा विषय जसाच्या तसा फाइलचं नाव करायची आमच्याकडे परंपरा आहे. 'मौजे'पासून सुरू होणारं आणि 'करणेबाबत'ने संपणारं नाव. नेक्स्टक्लाउडचं यंत्र लिनक्सवर; त्याच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइट्सची मर्यादा. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं, काना-मात्रा धरून. म्हणजे ८५ चिन्हं. नेक्स्टक्लाउडच्या यंत्राने आमची कित्येक पत्रं 'करणेबाबत'च्या आधीच परत केली. शेअरपॉइंटची मर्यादा फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला ४०० चिन्हं. जरा ऐसपैस, पण पुण्याच्या सर्व्हरवर सात-सात फोल्डर आत गेलेली माणसं आहेत.

दुसरी गंमत तिरक्या रेघेची. फाइलच्या नावात ती चालत नाही. त्यामुळे आमच्याकडे सातबारा पाच नावांनी राहतो: ७-१२, ७_१२, ७१२, सातबारा आणि नुसतंच 'उतारा'. जावक क्रमांकातही तिरकी रेघ. तेव्हा क्रमांक फाइलच्या नावात कोंबायचाच नाही, त्याला स्वतःचा रकाना द्यायचा, आणि तो भरल्याशिवाय फाइल आत घ्यायची नाही. शेअरपॉइंटमध्ये असा रकाना सक्तीचा करता येतो. एका दृश्यात, म्हणजे एका वेळी दाखवायच्या यादीत, ५,००० नोंदींची मर्यादा आहे, म्हणून त्या रकान्याची अनुक्रमणिका पहिल्या दिवशीच करून ठेवायची; नंतर आठवण झाली तर जड जातं.

नावासाठी शासन निर्णयांकडून उचललं. त्यांचा संकेतांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो, त्यामुळे नुसती नावं लावली तरी कालक्रमाने बसतात. आमच्याकडे दिवस आधी, म्हणून १ तारखेची सगळी वर्षं एकत्र.

२१ ऑगस्ट, बुधवार

ड्रॉइंगची चाचणी, आणि मी सपशेल आपटले. माझ्या पुलाच्या ड्रॉइंगला चार संदर्भ ड्रॉइंगं जोडलेली असतात. क्लाउडच्या फोल्डरमधून नाशिकच्या मुलीने उघडलं, चारही गायब. कारण मी जोडताना पूर्ण पत्ता दिलेला, आणि त्या पत्त्यात माझ्या संगणकावरचं माझं नाव. सापेक्ष पत्ता ठेवला की सुटतं, तसं सोडवलंही. पण पुढचं सुटेना. एकाच सर्व्हरवर असताना ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शेजारी एक कुलपाची फाइल ठेवतं आणि दुसऱ्याला सांगतं की हे अमक्याने उघडलंय. दोन गावांतल्या दोन प्रती नंतर जुळवल्या जातात तेव्हा ते कुलूप वेळेवर पोचेलच असं नाही. आम्ही दोघींनी एकदम जतन केलं आणि शेवटी संगणकाचं नाव लागलेली दुसरी प्रत तयार झाली. 'खरं फायनल'ची धाकटी बहीण.

चेक-आउट करून, म्हणजे फाइल आधी आपल्या नावावर घेऊन मगच उघडायचं, हा इलाज आहे. तो किती जण पाळतील ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः पाळणार नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती, म्हणून बैठक आजच उरकली. तीन तास चालली, दोनदा तापली.

मी मांडलं ते असं. सगळं एका ठिकाणी आणायचा हट्ट सोडूया. चालू काम पुण्याच्या सर्व्हरवरच राहू दे, तिथे कुलूप चालतं. सामायिक जागेत फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली गोष्ट जाईल: जारी केलेल्या ड्रॉइंगची पीडीएफ, सही-शिक्क्याचं पत्र, पोच, आदेश. आयएसओ १९६५० या बांधकामाची माहिती सांभाळायच्या मानकामध्ये माहितीच्या चार अवस्था सांगितल्यात, चालू काम, सामायिक, प्रकाशित आणि अभिलेख; त्यातली सीमारेषा आम्ही जावक क्रमांकावर ओढायची. क्रमांक पडला की कागद आत गेला, आणि आत गेलेला कागद बदलायचा नाही, नवी आवृत्ती चढवायची.

नाशिकच्या साहेबांनी स्वतःच्या सर्व्हरची बाजू लावून धरली, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. परवाना बंद केला तर काय? दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं? मी म्हटलं, साहेब, नेक्स्टक्लाउड मलाही आवडतं, पण रात्री दोनला ते बंद पडलं तर उठणार कोण? सगळ्यांनी संगणक विभागातल्या मुलाकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी लिहू लागला. शेवटी ठरलं: शेअरपॉइंट, आणि त्याची रोज एक प्रत पुण्याच्या सर्व्हरवर, आठवड्याला एक नाशिकला. सर्व्हर पहिल्या मजल्यावर न्यायचा. ६० परवान्यांना मिळून शेअरपॉइंटवर जागा सुमारे १.६ टीबी, आमचा पसारा १.९; तो सगळा न्यायचाच नसल्याने ती अडचण आपोआप मिटली.

पणजीच्या मॅडम एवढा वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, "कागदाच्या प्रकारांच्या यादीत सातबारा आहे, आमच्याकडे सातबारा नसतो. आमचा एक-चौदाचा उतारा." यादी मीच केली होती. पुण्यात बसून.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं, कोल्हापूर चालू. एका पुलाचं काम, ४१२ कागद. पहिल्या दिवशी अकरा जणांनी मला फोन केला, नऊ जणांचा प्रश्न पासवर्डचा. रकाने सात ठेवले होते. दुपारपर्यंत विषयाच्या रकान्यात सगळीकडे 'पत्र' असं भरलेलं दिसलं. चार केले. क्रमांक, दिनांक, काम, प्रकार. कामाचं नाव टंकायचं नाही, यादीतून निवडायचं, को.प. आणि केटीचं भांडण तिथेच मिटलं.

प्रत्येक जारी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आता क्यूआर कोड. फोन धरला की त्या ड्रॉइंगचं चालू पान उघडतं: क्रमांक, आवृत्ती, तारीख. साइटवरच्या कागदावर आर-१ आणि फोनवर आर-२ दिसलं तर कागद फाडायचा. व्हॉट्सॲप बंद केलेलं नाही. फक्त फाइलऐवजी दुवा पाठवायचा. साइट इनचार्जनी चालू ड्रॉइंगांचा फोल्डर फोनवर ऑफलाइन करून घेतलाय, हे मी शिकवलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी निवडणूक आयोगाची घोषणा झाली, आचारसंहिता लागली. गेला आठवडाभर कार्यारंभ आदेश आचारसंहितेच्या आत हातात पडावेत म्हणून नुसती पळापळ होती. कोल्हापूरने आठवड्याभरात ३८ कागद चढवले. त्यातले पाच क्रमांकाशिवाय चढवायचा प्रयत्न झाला, व्यवस्थेने घेतले नाहीत, आणि नंतर कुणीतरी क्रमांकात '१२३' भरून घुसवले. उद्या ते पाच शोधून काकूंकडून खरे क्रमांक लावायचे. क्रमांक यापुढे रजिस्टरातून सुटणार की यंत्रातून, हे अजून ठरलेलं नाही. काकूंचं मत रजिस्टर, संगणक विभागाचं यंत्र. मार्चपर्यंत दोन्ही चालतील.

सकाळी साइट इनचार्जांचा फोन. विंग वॉलचं (पुलाच्या टोकाच्या बाजूभिंतीचं) ड्रॉइंग हातात आर-० होतं, कोड धरला तर आर-१ दाखवतोय, काय करू? मी म्हटलं, आर-१ कालच संध्याकाळी काढलंय, तेच धरा. "मग ह्ये फाडतो," म्हणाले, आणि फोनवर खरंच फाडल्याचा आवाज ऐकवला.

राहिलेलं: पणजीची प्रकारांची यादी, नाशिकच्या डेस्कटॉपवरची चिठ्ठी, आणि २०११ पासूनच्या रजिस्टरांची टंकनोंद. त्यासाठी काकू दिवाळीनंतर रोज दोन तास बसतील. त्यांची अट एकच, टंकणाऱ्या मुलाला मोडी नाही तरी निदान त्यांचं अक्षर वाचता आलं पाहिजे.